भोईर सर आणि साखरेचं पाणी

मुरबाडच्या बाजारात मटण घ्यायला गेलेला माणूस भाव विचारतो. आमचे भोईर सर मटणातल्या धाग्यांच्या रेषा विचारतात. "बोटभर दे, पन रेषा सरळ पायजेत," असं खाटकाला बजावून ते तुकडा उजेडात धरून निरखत बसतात. मागची रांग मनातल्या मनात त्यांचा उद्धार करते.

सर आमच्या ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवतात, मी मराठी. एका प्रयोगाने त्यांना झपाटलंय. मटणाचा तुकडा ग्लिसरीनमध्ये मुरवायचा, सुईने केसासारखा धागा सोडवून काचेवर ठेवायचा. साखरेचं पाणी घातलं तर धागा ढिम्म. एटीपीचा थेंब घातला की आखडतो. एटीपी म्हणजे स्नायूला थेट लागणारी शक्ती, एवढं ऐकून ऐकून माझंही पाठ झालंय. एटीपीची कुपी थंड राहावी म्हणून सरांनी कॅन्टीनच्या फ्रीजरमध्ये कुल्फ्यांमागे ठेवली. तेव्हापासून कॅन्टीनवाला त्यांच्याशी बोलत नाही.

"साखरेनं काय नाय होत," हे सरांचं पालुपद. चहात साखर घालणाऱ्याकडे ते कीव आल्यासारखे बघतात. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांची नक्कल करून पोट धरून हसतो.

यंदा सर बरेच दिवस आले नाहीत, म्हणून मी वैशाखरे गावी त्यांच्या घरी गेले. वहिनी आजारी असतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ओटीवर खाटेला खिळलेल्या वहिनींचे हात काटकुळे झाले होते. सर त्यांना चमच्याने ग्लुकोजचं पाणी पाजत होते. दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी वहिनींच्या तळव्यात ठेवलं होतं.

"स्नायू झिजत चाललेत तिचे," सर म्हणाले. "डॉक्टर म्हनले, यावर औषध नाय."

सवयीने माझ्या तोंडातून निघून गेलं, "पण सर, साखरेनं तर काही होत नाही ना?"

सर रागावले नाहीत. "ते मेलेल्या बकऱ्याचं होतं, मॅडम," ते म्हणाले. "ही जिती हाय."

सर वहिनींकडे वाकले. "धर गो. बोट धर माजं."

वहिनी त्यांच्याकडे बघून कसंनुसं हसल्या. बोटं मात्र हलली नाहीत. सरांनी आणखी एक चमचा भरला आणि पुन्हा त्या तळव्याकडे बघत बसले.