खडीसाखरेचं प्यादं

हार्म ओंकेन सकाळी सव्वानऊ वाजता खुर्चीतून असा उडाला, की टेबलावरची चहाची किटली थरथरली.

"सापडली! थेडा, चाल सापडली! वजीर आत, तीन चालींत मात!"

त्याच्या बायकोने शिवणातून मानही वर केली नाही. सोळा वर्षांत ही चाल नवऱ्याला निदान वीस वेळा सापडली होती.

सोळा वर्षांपूर्वी हार्म त्यांच्या जर्मन गावातल्या बंदराच्या पाणदरवाज्यावर, जहाजं आत-बाहेर सोडायच्या नोकरीला होता. एकदा धुक्यामुळे एक फिनलंडचं जहाज तिथे दिवसभर अडकलं आणि त्यावरचा खलाशी वैक्को लेहतोला याने हार्मबरोबर बुद्धिबळाचा डाव मांडला. सात चाली झाल्या, धुकं विरलं, जहाज सुटलं. "पुढचं पत्रानं!" वैक्को डेकवरून ओरडला. "हरेल त्यानं दुसऱ्याच्या दारात येऊन टोपी काढायची!" तेव्हापासून डाव पोस्टकार्डांवर चालला होता. दोघांमध्ये नियम एकच होता: कार्ड पेटीत पडलं, की चाल झाली. आता एक्केचाळिसावी चाल होती, आणि फिनलंडला जाऊन टोपी काढायच्या नुसत्या कल्पनेनेही हार्मची झोप उडे. त्याला तालुक्याच्या जत्रेपलीकडचा प्रवास सोसत नसे.

पण आता टोपी वैक्को काढणार होता! हार्मने अर्धा कप चहा तसाच सोडला, कार्डावर चालीचे चार आकडे लिहिले, धावत जाऊन कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीत कार्ड टाकलं आणि शीळ घालत परत आला. उरलेला चहा त्याने एका घोटात संपवला आणि तोंड वाकडं केलं.

"आज एवढा गोड का गं?"

"गोड कसला? रोजच्यासारखा एकच खडा टाकलाय."

त्यांच्याकडे चहा ढवळायची पद्धत नाही, खडीसाखर तळाशी आपली आपण विरघळते. हार्मने कपात डोकावून पाहिलं. तळाशी दोन खडे होते, त्यातला एक चांगला टपोरा.

दोघांनी एकदमच कपाशेजारच्या पटाकडे पाहिलं. वैक्कोचं एक पांढरं प्यादं आठ वर्षांपूर्वी जमिनीच्या फटीत पडून हरवलं होतं. तेव्हापासून त्याच्या जागी खडीसाखरेचा टपोरा खडा उभा असे. आता ते घर रिकामं होतं; विचाराच्या तंद्रीत हार्मनेच तो खडा चहात टाकला होता.

"थेडा," हार्म खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "मी वैक्कोचं प्यादं प्यायलो."

"मग दुसरा खडा ठेव की! डबाभर आहेत."

"अगं, वजीर ठेवलाय मी त्या प्याद्याच्या तोंडात! फुकट जाणार तो! सोळा वर्षं पाण्यात!"

"पाण्यात नाही, चहात," थेडा म्हणाली. पण हे ऐकायला हार्म घरात होता कुठे?

पेटीच्या फटीत त्याने हात घातला. हात मनगटापर्यंत गेला, कार्ड लागलं नाही, आणि मग हात बाहेरही येईना. पाऊण तास तो पेटीच्या गळ्यात पडून उभा होता. येणारेजाणारे टोपी किंचित उचलून नमस्कार करत होते आणि तोही डाव्या हाताने टोपी उचलून "छान हवा आहे" म्हणत होता. शेवटी एनो पोस्टमन सायकलवरून आला आणि त्याने पेटी उघडून हात सोडवला.

"एनो, बाबा, एवढं एक कार्ड दे. माझंच आहे."

"तुमचं होतं, हेर ओंकेन. आता पोस्टाचं झालं."

"अरे, डाव जातोय माझा!"

"ते फ्राऊ गेर्डेसना सांगा," एनो म्हणाला आणि त्याने पॅडल मारलं. हार्म सायकलमागे धावत निघाला.

फ्राऊ गेर्डेस ही पोस्टमास्तरीण. तिच्यापुढे धर्मगुरूही रांगेत उभे राहत. धापा टाकत हार्म काउंटरला टेकला तेव्हा कार्ड तिच्या हातातच होतं, आणि तिच्या भुवया कपाळात गेल्या होत्या.

"वजीर आत? अहो, तिथं प्यादं आहे ना!"

"ते मी प्यायलो!"

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "वाईट झालं. पण नियम म्हणजे नियम. टाकलेलं कार्ड परत मिळत नाही." आणि तिने हार्मच्या तोंडावर खिडकी लावून घेतली.

पुढचे पंधरा दिवस हार्मला अन्न गोड लागलं नाही. चहा तर त्याने बिनसाखरेचा सुरू केला. आरशासमोर टोपी काढायचा सरावही एकदा करून पाहिला आणि त्याला रडूच आलं. मग सोमवारी वैक्कोचं कार्ड आलं. हार्मने ते एक डोळा मिटून वाचलं.

'मित्रा, तुझी चाल नेमकी शिक्क्याखाली गेली. एक आकडा वाचता येत नाही. पुन्हा कळव.'

हार्मने थेडाला शिवणासकट उचललं आणि स्वयंपाकघरात गरगर फिरवलं. "वाचलो! शिक्का बसला गं, बरोब्बर चालीवर बसला!"

"खाली ठेव आधी, सुई टोचेल," थेडा म्हणाली. खाली आल्यावर तिने कपाटातून बुटांचं खोकं काढलं. सोळा वर्षांची कार्डं त्यात होती. "मला सांग, असं त्यानं पहिल्यांदाच लिहिलंय का?"

पहिल्यांदा नव्हतं. अकरावी वेळ होती. हार्मने धाडलेल्या चालींची वही काढली आणि त्या अकराही वेळची मांडणी एकेक करून पटावर केली. तीन दिवस लागले. अकराच्या अकरा वेळा त्याने घोडचूक केली होती! कधी हत्ती फुकट, कधी सरळ दोन चालींत मात. आणि चांगल्या चालीवर शिक्का एकदाही बसला नव्हता. वैक्कोचीही नऊ कार्डं अशीच काळी होऊन आली होती. दर वेळी हार्मने फिनलंडच्या शाईला नावं ठेवली होती.

"तिथं प्यादं आहे ना," तो स्वतःशी पुटपुटला. मग ओरडला, "थेडा! त्या बाईला कसं ठाऊक?"

टपालघराचं मागचं दार त्याने धाडकन उघडलं. टपालाच्या वजनकाट्याशेजारी पट मांडलेला होता. सगळी मोहरी जागच्या जागी होती, ते प्यादंसुद्धा. एनो पटापुढे हनुवटी धरून बसला होता. तो टेबलाखाली जायला लागला.

"सोळा वर्षं?" हार्मने विचारलं.

"पोस्टकार्ड उघडं असतं, हेर ओंकेन," फ्राऊ गेर्डेस म्हणाली. तिचा चेहरा पहिल्यांदाच लाल झाला होता. "डोळे मिटून शिक्का कसा मारणार? आणि आपल्या गावचा माणूस तिकडे जाऊन टोपी काढणार, हे बघवेना. नियमात राहून जेवढं करता आलं तेवढं केलं."

हार्मला फार लाज वाटली. म्हणजे आपण कधीच हरलो होतो, तेही अकरा वेळा! त्याने टोपी काढून काउंटरवर ठेवली, एक कोरं कार्ड मागितलं आणि तिथेच लिहिलं: 'वैक्को, मी वजीर गमावला होता. तुझं प्यादं मी चहातून प्यायलो, आणि आमच्या पोस्टमास्तरीणबाई मला वाचवत आल्या आहेत. तू जिंकलास. मी येतो.'

फ्राऊ गेर्डेसने ते वाचलं. एनोने तिच्या खांद्यावरून वाचलं आणि नाक ओढलं.

"तुमचं आजचं टपाल द्यायचं राहिलंच," तो म्हणाला आणि त्याने पिशवीतून एक कार्ड काढलं. फिनलंडहून आलेलं. वैक्कोने पहिल्या कार्डापाठोपाठ हे दुसरं धाडलं होतं.

'प्रिय हार्म, मनाला खातंय म्हणून कबूल करतो. तो डाव मी कधीच हरलो असतो, पण आमच्या टपालघरातले'

त्यापुढे अक्षर नव्हतं. त्यापुढे सात गोल काळे शिक्के होते, एकाला एक लागून, थेट सहीपर्यंत.

फ्राऊ गेर्डेसने चष्मा लावला, कार्ड खिडकीशी नेऊन उजेडात धरलं, उलटसुलट पाहिलं.

"एकही रेघ सुटलेली नाही," ती आदराने म्हणाली.

हार्मने टोपी उचलून पुन्हा डोक्यावर घट्ट बसवली. मग स्वतःचं कार्ड त्याने दोन बोटांनी काउंटरवरून तिच्याकडे सरकवलं.

"नीट मारा, फ्राऊ गेर्डेस," तो म्हणाला. "मागच्या वेळी तीन आकडे दिसत होते."