थरथर नेमकी कुणाची

ऑफिसात त्याला सगळे 'सर्वज्ञ' म्हणत. ते कौतुकाने म्हणतात अशी त्याची समजूत होती आणि ती दूर करण्याच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. या सर्वज्ञाने एका सकाळी सासऱ्यांकडून गाडीची किल्ली काढून घेतली. त्याने केलं ते एवढंच.

सासरे चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. लेकीकडे राहायला आल्यापासून नातीला शाळेत सोडायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. त्या सकाळी ते गाडी लावून आत आले आणि म्हणाले, "जावईबापू, ब्रेक दाबला की पायाखाली थरथरतंय."

सर्वज्ञाने पेपरातून मान वर काढली. (त्याच आठवड्यात त्याने म्हातारपणीच्या कंपावर एक अख्खा लेख वाचला होता. अर्धवट ज्ञान त्याच्याकडे कधीच नसे, पूर्ण चुकीचं असे.)

"बाबा, ब्रेक नाही थरथरत. तुमचा पाय थरथरतोय."

सासरे चपलेतल्या पायाकडे बघत उभे राहिले आणि त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

डॉक्टरांपुढेही सर्वज्ञानेच आधी निदान सांगितलं. "बघू या," म्हणत डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी सासरे दुपारपर्यंत झोपायला लागले. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले. नातीला रस्ता ओलांडून न्यायलाही नको म्हणाले. जागे असले की खिडकीशी खुर्चीत बसून आपला उजवा पाय बघत, तो हलतोय का म्हणून. एके दिवशी लेकीला म्हणाले, "चौतीस वर्षांत कुणाला खरचटलं नाही माझ्या हातून. वेळेवर थांबलो, बरं झालं." ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. माणूस डोळ्यांदेखत विझत चालला होता.

पाचव्या आठवड्यात, इतके दिवस दारातच उभी असलेली गाडी काढून, सर्वज्ञ त्यांना पुन्हा दवाखान्यात घेऊन निघाला. उतारावर त्याने ब्रेक दाबला आणि पायाखाली थरथरलं. सोडला, थांबलं. पुन्हा दाबला, पुन्हा थरथरलं, वर स्टीअरिंगही हलायला लागलं. मागच्या सीटवर सासरे डोळे मिटून बसले होते. थरथर गाडीचीच होती, हे सर्वज्ञाला कळलं. (तरी घरी आल्यावर त्याने एका पायावर उभं राहून स्वतःला तपासून घेतलं. शेवटची आशा.)

आता सरळ जाऊन 'बाबा, चुकलो' म्हणायचं की नाही? नाही. त्याने ठरवलं, ब्रेक गुपचूप दुरुस्त करायचा, मग मोठ्या मनाने किल्ली परत द्यायची. रविवारी तो गाडीखाली शिरला.

"काय करताय?" बायकोने विचारलं.

"धूळ झटकतोय."

"चाक काढून?"

संध्याकाळपर्यंत त्याने पुढचे ब्रेक पॅड बदलले. थरथर होती तिथेच राहिली, वर किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. शेवटी तो मेकॅनिककडे गेला. मेकॅनिकने घड्याळासारखं एक यंत्र लावून चाकामागची लोखंडी चकती हाताने फिरवली. काटा पुढेमागे हलला.

"डिस्क वाकडी झालीय. मध्ये चाकं कुणी काढली होती?"

"मी. दोन महिन्यांपूर्वी, टायर बदलायला."

"नट कसे आवळले?"

"पान्यावर उभा राहून."

"सगळे एकाच बाजूने, ओळीने?"

सर्वज्ञाने मान डोलावली.

"समोरासमोरचे थोडेथोडे आवळायचे असतात, साहेब. तुम्ही वजन टाकून डिस्क वाकवलीत."

नव्या डिस्का बसल्या. ब्रेक लोण्यासारखा झाला. सर्वज्ञाने घरी येऊन सासऱ्यांपुढे खरं सांगितलं: पाय ठणठणीत आहे, दोष गाडीचा होता. (नटांचा भाग गाळला. सगळं एकदम सांगायला तो काही संत नव्हता.)

सासऱ्यांचे डोळे भरून आले. "मला बरं वाटावं म्हणून चांगली गाडी उघडून बसलास, बाळा?"

"बाबा, खरंच दोष होता."

"असू दे रे. तू मनाचा मोठा आहेस, मला इतकी वर्षं कळलंच नाही."

अकरा वर्षांत सासरे त्याला पहिल्यांदा 'तू' म्हणाले होते. बायकोने त्या रात्री त्याला जास्तीचं तूप वाढलं. तो जितकं शपथेवर सांगे तितका त्याचा मोठेपणा वाढत जाई. हे सुख त्याने तीन दिवस भोगलं. चौथ्या दिवशी सासऱ्यांना गोळी गिळताना त्याने पाहिलं. पाण्याचा पेला दोन्ही हातांत, नजर पायाकडे. किल्ली टेबलावर तशीच. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो उठला आणि त्याने मेकॅनिकला जुनी डिस्क घेऊन घरीच बोलावून आणलं.

मेकॅनिकने डिस्क काचेच्या टेबलावर आडवी ठेवली. एका कडेखालून पोस्टकार्ड सहज आत गेलं.

"बाबा, ही घ्या. असल्या डिस्कवर कुणाचाही पाय थरथरेल," सर्वज्ञ म्हणाला. मग मेकॅनिकने काहीही न गाळता पान्याचीही हकीकत सांगितली.

सासऱ्यांनी वाकून ती फट पाहिली. मग त्यांनी टेबलावरचा भरलेला पेला एका हाताने उचलून बाजूला ठेवला. त्यात एक थेंबही हिंदकळला नाही. लेकीला म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव. गोळ्या बंद करायच्यात का ते त्यांनाच विचारू." किल्ली उचलली, ताठ चालत बाहेर गेले आणि स्टीअरिंगमागे बसले.

सर्वज्ञाचा जीव भांड्यात पडला. हलक्या मनाने त्याने पुढचं दार उघडलं.

सासऱ्यांनी आरसा नीट केला आणि ते त्याच्याकडे न बघता, अत्यंत आदराने म्हणाले, "जावईबापू, आपण मागे बसावं."