वडे वाढण्याची इंग्रजी पद्धत

ज्या गोष्टीची आकृती कागदावर काढता येते ती गोष्ट बिघडूच शकत नाही, अशी माझी तंत्रशाळेत असल्यापासूनची श्रद्धा होती. यंत्र असो, नळजोडणी असो, इंग्रजी भाषा असो. शहाऐंशी सालापर्यंत या श्रद्धेला तडा गेला नव्हता, कारण शहाऐंशी सालापर्यंत मी कोणाला जेवण वाढायला शिकवले नव्हते.

तेव्हा आम्ही नाहूरला राहत होतो. आता तिथे उंच इमारती आहेत. त्या वेळी संध्याकाळी खाडीकडून वारा आला की चाळीच्या गॅलरीतले सगळे कपडे एकाच दिशेने सलाम ठोकत, आणि कारखान्याचा भोंगा झाला की कोणाच्या घरी कुकर लावायचा हे घड्याळ न पाहता कळे. मी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो आणि रविवारी चाळीतल्या लोकांना फुकट इंग्रजी शिकवत असे. म्हणून सगळे मला मास्तर म्हणत.

शेजारच्या खोलीत सहदेव राहत होता. गिरणीच्या संपानंतर त्याची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. घर चालत होते ते त्याच्या बायकोच्या, रुक्मिणीवहिनींच्या डब्यांवर. त्यांच्या हातचे कोंबडीवडे ज्याने खाल्ले तो माणूस पुढे आयुष्यभर इतरांच्या घरी तक्रार करत जेवला. तरीही चार-पाच डब्यांवर मुंबईत किती दिवस निघणार? पावसाळ्याआधी खोली सोडून कणकवलीला परत जायचे, असे सहदेवने ठरवत आणले होते.

अशात बातमी आली की जवळच्या पंपांच्या कारखान्याला साहेबलोकांच्या जेवणघरासाठी माणूस हवा आहे. व्यवस्थापक चंद्रप्रकाश साहेब स्वतः घरी येऊन जेवून पाहणार होते. पसंत पडले तर काम वहिनींचे.

"साहेब उत्तरेकडचा हा," सहदेव म्हणाला. "ऑफिसात सगळा इंग्रजीच चालता म्हणे. आमचा काय होतला, मास्तर?"

"काही होणार नाही," मी म्हणालो. "वाढताना इंग्रजीत एकच वाक्य लागते. मी त्याचा साचा काढून देतो."

त्याच संध्याकाळी मी ड्रॉइंगच्या कागदावर आकृती काढली. 'वुड यू लाइक सम मोअर' हा स्थिर भाग. पुढे बदलता भाग: वडे, राइस, सोलकढी. तिथून दोन बाण. 'येस, प्लीज' आले की वाढायचे. 'नो, थँक यू' आले की पुढच्या पानाकडे जायचे.

"नको म्हटला तर परत इचारूचा नाय?" वहिनींनी विचारले.

"अजिबात नाही. इंग्रजीत नको म्हणजे नको. पुन्हा विचारणे म्हणजे समोरच्याला खोटे ठरवणे."

"आणि तो उपाशी ऱ्हवलो तर?"

"वहिनी, सुशिक्षित माणूस उपाशी असेल तर 'येस, प्लीज' म्हणेल. एवढ्यासाठी तर बाण काढला आहे."

सराव सुरू झाला. वहिनी कोणतेही काम अर्धवट करत नसत, त्यामुळे घरातही त्या साच्याबाहेर जाईनात. तिसऱ्या दिवशी सहदेव गॅलरीत मला गाठून म्हणाला, "मास्तर, काल रात्री मी सहज नको म्हटलंय. भात उचलून आत. माझ्या डोळ्यांदेखत."

"मग 'येस, प्लीज' म्हणायचे."

"स्वतःच्या घरात? बायकोक?"

"सराव आहे सहदेव. थोडा त्रास होणारच."

त्यापाठोपाठ तळमजल्यावरच्या सखुबाई दुपारच्या बसायला आल्या. वहिनींनी चहाचे विचारले, ते इंग्रजीत आणि वर मराठीत अर्थ सांगून. सखुबाई रीतीप्रमाणे म्हणाल्या, "नको गं बाई, आत्ताच घेतला." झाले. स्टोव्ह पेटलाच नाही. सखुबाई तासभर बसल्या, कोरड्या घशाने खाली उतरल्या आणि त्यांनी चाळीत सांगितले की सहदेवाच्या घरात दूध-साखरसुद्धा उरलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या दारात झाकलेल्या वाट्या येऊ लागल्या. कोणी साखर, कोणी तांदूळ. प्रत्येकीने दारातच "असू दे गं" म्हणून मान फिरवली.

"ह्यो काय प्रकार?" वहिनी म्हणाल्या. "माका कोणी भिकेक लावला?"

मी म्हणालो, "लोकांना सवय नाही, म्हणून गैरसमज होतो. साहेबांना सवय असेल."

आणि तो शनिवार उजाडला. चंद्रप्रकाश साहेब आले. सोबत त्यांचे हिशेबनीस अंबादास, आपलेच, नगरकडचे. सहदेवने नवा सदरा घातला होता आणि तो भिंतीला असा चिकटून उभा होता की कॅलेंडर वाटावा. मी देखरेखीसाठी दाराशी होतो. पानात पहिले दोन वडे, कोंबडीचा रस्सा, काळ्या वाटाण्याची उसळ. वास जिन्यावरून खाली गेला असावा, कारण खालची पोरे वर येऊन उगाच पाहुण्यांची नावे विचारू लागली.

साहेबांनी पहिला वडा खाल्ला आणि डोळे मिटले. दुसरा कधी गेला ते कळलेही नाही. वहिनी परात घेऊन पुढे झाल्या.

"वुड यू लाइक सम मोअर वडे?"

एकही शब्द हलला नाही. मला गहिवरून आले.

साहेबांनी पानावर हात धरला, तोही वीतभर वर, बोटे फाकवून. "नो नो, थँक यू."

परात पुढे गेली. अंबादासांनी आधी परातीकडे पाहिले, मग साहेबांकडे. साहेबांनी घेतले नाहीत तर हाताखालच्या माणसाने कसे घ्यायचे? "नो, थँक यू," ते म्हणाले, आणि परात आत जाईपर्यंत तिच्याकडे पाहत राहिले.

पुढे भातही तसाच परतला. सोलकढी परतली. रश्श्याचे पातेले जसे आले तसे गेले. एरवी ज्या घरात पाहुण्याला उठायला हात टेकावा लागे, तिथे दोघे झटकन उठले. साहेब "व्हेरी नाइस" म्हणाले, चपला घातल्या आणि गेले. सहदेव त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेला.

परत आला तो चेहरा पाडून. "संपला, मास्तर. दोघे नाक्यावर वडापाव खातहत."

मी निष्कर्ष काढला. "म्हणजे जेवण आवडले नाही."

"कणकवलीची गाडी बघूक लागात आता," सहदेव खाली बसत म्हणाला.

वहिनी भरल्या पातेल्याकडे पाहत होत्या. त्यांनी विचारले, "दुसरो वडापाव घेतल्यानी काय?"

"साहेबान तिसरो सांगल्यान."

"म्हणजे पोट रिकामा हा त्यांचा." त्यांनी पदर खोचला. "मास्तर, पावण्याक 'होया काय' म्हणान विचारला तर तो नकोच म्हणतलो. ह्या माका ठाऊक होता, तरी मी तुमचा ऐकलंय."

त्या जिना उतरल्या. खुलासा करण्यासाठी मी मागोमाग गेलो, पण खुलाशाला वेळच मिळाला नाही. नाक्यावर साहेबांच्या हातात तिसरा वडापाव होता. वहिनी थेट समोर उभ्या राहिल्या.

"साब, मेरे घर से भूखा उठके इदर खाता है? लोग क्या बोलेगा? चलो वापस."

साहेब शाळेत पकडलेल्या मुलासारखे दिसले. "बहनजी, आपने एक ही बार पूछा," ते हळूच म्हणाले. "पहली बार में हाँ कौन कहता है? हमारी माताजी सुनतीं तो घर में न घुसने देतीं."

"आणि वहिनी, मी साहेबांकडे बघून गप्प होतो," अंबादास म्हणाले. "तुम्ही एकदा जरी 'अहो घ्या' म्हणाला असता ना, तर मी परात ठेवूनच घेतली असती."

दोघे परत आले. या वेळी वहिनींनी कोणाला काहीही विचारले नाही. साहेबांनी पानावर हात आडवा धरला तेव्हा त्यांनी हाताशेजारून वडा सोडला. "बस, बस" म्हटले की आणखी एक पडे. अंबादासांनी शेवटी पान झाकण्यासाठी त्याच्यावर ओणवे होऊन पाहिले. शेवटी दोघांना खरोखर हात टेकून उठावे लागले आणि साहेब भिंतीला पाठ लावून म्हणाले, "सोमवार से आइए."

सहदेव कणकवलीला गेला तो थेट गणपतीला, सुट्टीपुरता. ते जेवणघर वहिनींनी पुढे कारखाना बंद पडेपर्यंत चालवले. त्यांच्या मुली तिथल्या वड्यांवर शिकल्या.

साच्यात दोष नव्हता, हे माझे मत आजही कायम आहे. वहिनी ते मान्य करतात, असे त्यांच्या वागण्यावरून दिसते. मागच्या वर्षी त्यांच्या धाकट्या नातवाचे बारसे होते. पंगतीत त्या स्वतः वाढत होत्या. वय झाले, पण हात तसाच. एकेकाच्या पानात, विचारता न विचारता, वडे पडत होते. माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या.

"वुड यू लाइक सम मोअर वडे?"

सगळी पंगत माझ्याकडे पाहू लागली. चार माणसांत पहिल्याच वेळी हो कसे म्हणायचे? आईने लावलेले वळण. मी पानावर हात धरला, वीतभर वर, बोटे फाकवून, आणि म्हणालो, "नो, थँक यू."

परात पुढच्या पानाकडे गेली.

उच्चार मात्र अजूनही निर्दोष आहे त्यांचा.