थोरल्या बंधूंच्या रक्ताची दुसरी मोहीम

श्रीकृपेकरून सकळ सज्जनांस विदित व्हावे की, कातडीच्या मुलखात सोरायसिस नामे गनीम शिरून खपल्यांचे तळ देतो, त्यास रक्तातून रसद पोहोचते काय, याची खबर काढावयास प्रयोगशाळेच्या ताईसाहेब खासा कंबर बांधून उभ्या राहिल्या. मसलत ऐसी की, रोग्याच्या रक्तातले पिवळे पाणी, ज्यास सीरम म्हणती, ते निरोगी कातडीच्या पेशींवर सोडावे आणि पेशींतले एन्झाइम किती उसळते ते यंत्रास पुसावे. निरोग्याच्या सीरमाने आकडा आठ येई, आणि एकोणचाळीस रोगी तपासून जाहले त्यांचा बारा-तेरा. चाळिसावे शिलेदार ताईसाहेबांचे सख्खे थोरले बंधू, केशकर्तनालयाचे अधिपती, बारा वर्षे कोपरांवर गनीम वागवीत होते.

मग ताईसाहेबांनी दुकानी जाऊन रक्त घेतले आणि सीरम काढून यंत्रापुढे रुजू केले, तो आकडा नव्वद! प्रयोगशाळेचे मोठे साहेब हर्षभरित होऊन फर्मावते जाहले की, निबंध आजच लिहावा आणि दुनियेत डंका वाजवावा. बंधूंस फोनवर वर्तमान कळताच त्यांचा धीरच खचला.

"म्हणजे सगळ्यांत नासकं रक्त माझंच ना गं?"

 मग ताईसाहेबांनी उरले सीरम उजेडात धरिले, तो पिवळे असावयाचे ते गुलाबी! तांबड्या पेशी फुटून आपल्यातले तेच एन्झाइम त्यात सांडून बसल्या, हे ताडून त्या तडक दुकानावर चालून गेल्या.

"दादा, मी नावाची चिठ्ठी लिहीत होते तेव्हा नळीला हात लावलास?"

"हात कसला? जरा खळखळून हलवली. बाटली न हलवता मी कधी कुणाच्या डोक्याला लावलंय का?"

"अरे देवा! रक्त होतं ते, केसांचं लोशन नाही!"

मग दुसरी मोहीम मुक्रर जाहली. साहेबांनी आडकाठी केली की, नव्वद पदरी पडले असता पुन्हा सुई कशास. ताईसाहेबांनी उलट अर्ज गुदरला की, खोट्या नव्वदाने ना देव भेटे ना रोग हटे, आणि साहेबांनी रुकार दिला. इकडे ज्यांनी हजारो मानांवर वस्तरा फिरविला, ते बंधू सुई पाहताच खुर्चीत आक्रसले.

"पुन्हा? माझं रक्त म्हणजे काय नळाचं पाणी?"

परंतु लाडकी बहीण, तिचा शब्द मोडवेना. देवाचे नाव घेऊन, डोळे गच्च मिटून बाहू पुढे केला. नळी ताईसाहेबांनी तान्ह्या लेकरासारखी सांभाळून नेली, सीरम लख्ख पिवळे निघाले, आणि यंत्र वदले, तेरा.

"तेरा? म्हणजे बाकीच्यांसारखाच मी?"

"अगदी. चाळिसांतला एक."

बंधूंनी बाही खाली सोडली.

"अगं, मग पाठव की त्यांना दुकानात. डोक्यावर खपल्या असतील तर बिचारे न्हाव्यासमोर टोपी काढायला लाजत असतील. म्हणावं, इथे कुणी नाक मुरडत नाही."

येणेप्रमाणे नव्वदाचा पाडाव होऊन तेराची फत्ते जाहली, चाळीसही जणांच्या सीरमाने एन्झाइमास चिथाविले हे दप्तरी खरेपणाने दाखल जाहले, आणि त्याच आठवड्यात अकरा शिलेदार बंधूंच्या आरशापुढे उघड्या डोक्याने बसून हसतखिदळत केस कापवून गेले, हे वर्तमान सत्य जाणावे.