दाजींची बिनकष्टाची बाग

"बाग? त्यात काय अवघड आहे?" दाजींनी कात्री हवेतच कचकच वाजवली. "तुझं प्लास्टर निघायच्या आत खिडकी फुलांनी भरून टाकतो, बघच तू!"

दाजी म्हणजे कोपऱ्यावरच्या सलूनचे मालक, कारागीर आणि मुख्य वक्ते. त्यांची बायको अख्ख्या गल्लीची ताई, म्हणून हे आपोआप सगळ्यांचे दाजी. ताईंचा पाय मोडला होता. पलंग खिडकीला लावून दिला, पण तिथून दिसायचं काय, तर समोरच्या गोदामाची भिंत! दिवसभर घरात भिरभिरणारी बाई ती भिंत बघून पार कोमेजली. "चार फुलं दिसली असती तरी जीव रमला असता हो," असं ती म्हणाली आणि दाजींनी नर्सरी गाठली.

नर्सरीवाल्याने सदाफुलीची रोपं दिली. "हिच्याइतकं सोपं झाड नाही, दाजी. ऊन द्या, माती सुकली की पाणी घाला. बाकी हातसुद्धा लावू नका."

"हात न लावणं? ते तर माझ्या डाव्या हातचा मळ!"

कुंड्या खिडकीत मांडल्या. त्या संध्याकाळी दाजी दुकान बंद करून थेट खिडकीशी येऊन बसले. गप्पा मारता मारता त्यांना दिसलं, एक फांदी जराशी बाहेर आलीय. बाहेर आलेलं काहीही दाजींनी जन्मात तसंच सोडलं नव्हतं. खिशातून कात्री निघाली. कच्! मग दुसरी बाजू लांब वाटू लागली. कच्! मग पुन्हा पहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. थोड्याच दिवसांत रोपं शाळेच्या फोटोला निघालेल्या मुलांसारखी दिसू लागली. फुलाचा मात्र पत्ता नाही!

दाजींनी गिऱ्हाइकांचा सल्ला घेतला. सलूनमध्ये सल्ल्याला काय तोटा? एकजण म्हणाला, झाडाशी गोड बोला. दाजी बोलले. दुसरा म्हणाला, गोड नको, दम द्या. दाजींनी असा दम दिला की वरच्या मजल्यावरचं बाळ रडायला लागलं. तिसरा म्हणाला, चहाचा चोथा घाला. दाजींनी घातला, पण चहा साखरेसकट उकळलेला! मुंग्यांची रांग लागली ती कुंडीवरून खिडकीत, खिडकीतून पलंगावर आणि पलंगावरून थेट ताईंच्या प्लास्टरमध्ये.

"अहो, काहीतरी करा! आत चावतायत!"

दाजी स्वेटर विणायची सुई आत घालून खाजवतायत, ताई ओरडतायत, शेजारीण दारात येऊन विचारतेय, "दाजी, मारताय का काय ताईंना?" त्या दिवशी गल्लीत दाजींची अब्रू थोडक्यात वाचली.

आता मात्र दाजींचं डोकं सणकलं. ते तडक नर्सरीत गेले आणि नर्सरीवाल्याला जवळजवळ ओढतच घरी घेऊन आले. "वांझोटी रोपं दिलीत मला! माझी बायको रोज वाट बघतेय आणि तुम्ही..."

नर्सरीवाला कुंडीपुढे वाकला. "हे कापलं कुणी?"

"कापलं कुठे? कडेकडेनं जरा सारखं केलं."

"अहो, त्या टोकांना कळ्या धरतात! रोज कळ्याच छाटताय की तुम्ही!"

दाजींनी खिशातली कात्री काढून लांब ठेवली. बायकोची फुलं त्यांनी स्वतःच्या हातांनी, रोज नेमानं, कचऱ्यात टाकली होती. त्यांना अगदी रडू यायचं बाकी राहिलं. एवढ्यात त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई छताकडे बघत होत्या.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी घरात बूड टेकलंय का हो? दुकान, मग मित्र, मग कट्टा. या झाडांपायी रोज माझ्याजवळ बसत होता. म्हटलं, कापू देत बापडे."

नर्सरीवाल्याला एकदम काहीतरी काम आठवलं आणि तो पळाला. दाजींनी ताईंच्या पायाची शपथ घेतली. रोज संध्याकाळी इथेच बसणार, पण कुंडीला बोट लावणार नाही. घरी येताना कात्री शेजारणीकडे जमा होऊ लागली. दाजी हात मांडीखाली दाबून गप्पा मारू लागले.

आणि एका सकाळी सलूनमध्ये फोन वाजला. "अहो, आलं! लवकर या!"

दाजी वस्तरा खिशात खुपसून होते तसे धावले. दाढीला बसलेलं गिऱ्हाईक, एक गाल गुळगुळीत आणि एक फेसात, गळ्यात टॉवेल घेऊन त्यांच्यामागे धावलं. "दाजी! अहो, माझं काय?"

खिडकीत फूल आलं होतं. एकच, गुलाबी, टपोरं. पण उन्हाकडे, म्हणजे बाहेर तोंड करून! ताईंना त्याची नुसती पाठ दिसत होती.

दाजींचे हात कुंडीकडे निघाले आणि शपथ आठवून मागे आले. त्यांनी गिऱ्हाइकाकडे वळून हात जोडले. "साहेब, तेवढी कुंडी वळवता का? मला मनाई आहे."

गिऱ्हाइकाने फेस सांभाळत कुंडी वळवली. ताई फुलाकडे बघत राहिल्या. डोळे भरले, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"छान आहे हो," गिऱ्हाईक म्हणालं. "आता माझा दुसरा गाल?"

"इथंच करा त्यांची दाढी," ताई म्हणाल्या. "म्हणजे तुम्हीही थांबाल. पण वस्तरा हातात असेपर्यंत कुंडीकडे पाठ!"