उगाच चढवून ठेवलेलं बदक

रत्नागिरीत राहून हापूसला नावं ठेवणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे आमच्या शेजारचे दत्तूकाका. "उगाच चढवून ठेवलाय हो," असं म्हणायचे आणि म्हणता म्हणता तिसरी फोड उचलायचे. समुद्रावरचा सूर्यास्त, मुंबईचे डॉक्टर, नवा रंगीत टीव्ही, सगळं त्यांच्या मते चढवून ठेवलेलं. बंदर खात्यातून निवृत्त झालेले, काकू वारलेल्या, घरात एकटेच. नावं ठेवायला काही मिळालं नाही की त्यांना जेवण जात नसे.

एका मे महिन्यात थेटरात बदकांचं कार्टून लागलं. रुसून पळालेलं पिल्लू, त्याचा तापट बाप, शेवटी भेट आणि गाणं. अख्खी आळी बघून आली आणि येईल त्याला सांगत सुटली. शेवटी आम्ही नवरा-बायको काकांना ओढून घेऊन गेलो. आजूबाजूला लोक नाकं ओढत होते. काका मात्र पंचनाम्याला आल्यासारखे बसून होते.

परतताना त्यांनी सुरुवात केली. बदकाला भुवया असतात काय? तळ्याकाठी एवढं नाचले, एकाच्या पायाला चिखल लागला काय? बायकोने विचारलं, निदान शेवट तरी आवडला ना?

"शेवट तर सगळ्यात खोटा," काका म्हणाले.

मला चीड आली. सगळं गाव रडलं ते काय खुळं म्हणून? त्यात खोटं काय होतं, मी विचारलं.

काका चालायचे थांबले. "पिल्लू दारात आलं नि बापाला लगेच बोलायला सुचलं. 'आता कुठं जाऊ नको' म्हणाला. असं सुचत नाय हो."

त्यांचा मुलगा विनू त्यांच्याशी भांडून मुंबईला गेला होता, एवढं आळीला ठाऊक होतं. पण गेल्या गणपतीत आम्ही सगळे समोरच्या घरी आरतीला जमलो असताना तो येऊन गेला, हे आम्हाला त्या दिवशी काकांच्या तोंडून कळलं. त्याला दारात बघून काकांच्या तोंडून निघालं, "परत कवा जाणार?" मुंबईहून आलेल्या प्रत्येकाला आपल्याकडे हेच विचारतात. किती दिवस राहणार, एवढाच त्याचा अर्थ. विनूने भलताच घेतला. हातातली पिशवी खाली न ठेवता "हा काय, निघालोच" म्हणाला आणि स्टँडच्या वाटेला लागला.

हाक तरी मारायची होती काका, मी म्हणालो.

"तोंडाशी आली होती," काका म्हणाले. "पण प्रवासाला निघालेल्याला मागनं हाक मारायची नसते. वाटेत त्याला काय झालं असतं तर?"