मागे बघा, मागे!

पडद्यावर नायिकेची आई शेवटचे आचके द्यायला लागली, सगळं थेटर नाकाला पदर आणि रुमाल लावून बसलं, की नेमके तेव्हाच आमचे रघुअण्णा खुर्चीतून अर्धे उठायचे आणि ओरडायचे, "तिच्याकडे काय बघताय? मागे बघा, मागे!"

मागे काय असायचं? कपाळ! एक भिंत, एक खांब आणि रोजावर आणलेली चार-दोन माणसं.

मी पुण्याहून कारखान्यातल्या नोकरीसाठी बंगळूरला आलो आणि राजाजीनगरात ह्या गृहस्थांच्या माडीवर भाडेकरू झालो. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मराठीत कानडीचे खडे. सरकारी कचेरीत जन्मभर शिक्के मारलेला हा माणूस, पण दर शनिवारी मला सिनेमाला ओढून न्यायचा आणि परतताना डोकं खायचा. विषय एकच: सिनेमातला प्रसंग काळजाला का भिडतो.

"रडणारीचं काय हो, डोळ्यांत ग्लिसरीन घातलं की झालं. मागे कंदील धरून जो उभा असतो ना, त्याला रडायची परवानगी नाही. तो कसा उभा राहतो त्यावर सगळा सीन. तो स्वल्प हलला की खलास! सरी का नाही?"

"सरी, अण्णा, बरोबर," मी म्हणायचो. नाही म्हणून माडी गेली असती तर राहणार कुठे?

ह्या विद्वत्तेची शोभा मी एकदा डोळ्यांनी पाहिली होती. मराठी मंडळींच्या गणेशोत्सवातलं नाटक दरवर्षी अण्णाच बसवायचे. त्या वर्षी त्यांचा मुलगा मधू भालदार झाला होता. राजा मरतो, राणी टाहो फोडते, भालदाराने नुसतं भाला धरून उभं राहायचं. मधूला डास चावला. त्याने एका पायाने दुसरा पाय खाजवला, आणि मांडवात खसखस पिकली. झालं! अण्णा विंगेतून तडक रंगमंचावर आले आणि भरल्या मांडवात ओरडले, "तुला साधं उभंसुद्धा राहता येत नाही! कशाला जन्माला आलास?" मेलेला राजासुद्धा उठून बसला.

मधूने भाला खाली ठेवला आणि त्याच आठवड्यात तो मद्रासला पळाला. सिनेमात काम मिळवून दाखवतो, एवढंच आईला सांगून गेला. पुढे वर्षानुवर्षं ना पत्र, ना निरोप. त्याची आई लक्ष्मीअक्का. त्यांनी नवऱ्याशी बोलणंच टाकलं. ताट वाढायच्या, भांडं आपटायच्या आणि आत निघून जायच्या. आणि हे महाशय? दर शनिवारी सिनेमाला! माझं डोकंच फिरायचं. पोटचा पोरगा घर सोडून गेला, आणि ह्यांना खांबाशेजारच्या माणसाचं कौतुक!

अशातच मॅजेस्टिकच्या बाजूला एक कानडी सिनेमा लागला, मद्रासच्या स्टुडिओत काढलेला. आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. जमीनदार मेला, त्याच्या बायकोने हंबरडा फोडला, थेटरात मुसमुस सुरू झाली. आता हे ओरडणार, म्हणून मी आधीच तोंड वाकडं केलं.

अण्णा ओरडले नाहीत. समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी गच्च धरून ते बसले होते. मी पडद्याकडे पाहिलं. मागे दाराशी कंदील धरून मधू उभा होता. गालफडं बसलेली, सदरा अंगावर लोंबतोय. त्याच्या गालावर एक माशी बसली. ती चालत चालत नाकापर्यंत गेली. पोराने पापणीसुद्धा हलवली नाही.

"हलला नाही," अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "बघितलंत? हलला नाही हो!"

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस प्रत्येक सिनेमात आपलं पोर शोधत होता. आणि वर आम्हाला अक्कल शिकवत होता! मला इतका राग आला की मी रुमाल काढून नाक शिंकरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अक्कांना आणलं. काय सांगून आणलं, देव जाणे. मलाही फरपटत नेलंच. जमीनदार मेला, हंबरडा झाला, कंदील दिसला आणि अक्का ताडकन उभ्या राहिल्या.

"मधू! किती वाळलास रे बाळा!"

मागून लोक खेकसायला लागले, "कूतको, कूतको! खाली बसा!" अक्कांना कुठलं ऐकू येतंय! पडद्यावरची नजर न काढता त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मद्रासला जायचं. आजच."

"सरी," अण्णा म्हणाले. तेही उठून अक्कांच्या मागे उभे राहिले होते, अक्कांची पिशवी छातीशी धरून, ताठ. डोळ्यांतलं पाणी मिशीत उतरत होतं. ते पुसायला त्यांनी हात हलवला नाही.